यंदाचा लांबलेला कोलू

तंजावूर,
ऑक्टोबर १९९५

प्रिय शेषू,

पाकीट फोडून आत देवनागरी दिसली की तू म्हणशील, अक्काला झालं तरी काय, इंग्रजीत चार ओळी खरडता येत नाहीत हिला? येतात रे बाबा, इतकी वर्षं शाळेत पोरांना तेच तर शिकवते आहे. पण तुझी कन्या आत्ता माझ्या खांद्यावर हनुवटी टेकून उभी आहे, आणि इंग्रजी असो की तमिळ, हरिप्रियेच्या नजरेतून एक अक्षर सुटत नाही. हे एवढंच तिला वाचता येत नाही. अप्पाजी आपल्या दोघांना पाटीवर बाराखडी गिरवायला लावायचे तेव्हा तू किती कुरकुरायचास! तंजावुरात याचा उपयोग काय, म्हणून. हा बघ उपयोग. मी तिला सांगितलंय की तुझ्या आईला सांबाराच्या पुडीची कृती लिहिते आहे. एवढी लांब कृती कशी, अशी शंका तिला आलेली आहे, पण अजून बोललेली नाही.

गॅसवर हरभरे शिजताहेत, संध्याकाळच्या प्रसादाच्या सुंडलासाठी. वरून खोबरं आणि मोहरी-कढीलिंबाची फोडणी तेवढी बाकी आहे. नवरात्र संपलं, विजयादशमी झाली, दिवाळी तोंडावर आली, मग आता कसलं सुंडल, असं तू विचारशील. सांगते, पण ते शेवटी. गोष्ट मधूनच सुरू करायची मला सवय नाही, हे तुला ठाऊक आहे.

आधी तुझ्या फोनचं. सरस्वतीपूजेच्या दिवशी तू शेजारी अलमेलुकडे फोन केलास. नव्या शाखेचं उद्घाटन आहे, अमेरिकेहून साहेब येताहेत, त्यामुळे कबूल केल्याप्रमाणे यायला जमत नाही, असं म्हणालास. मग जरा थांबून म्हणालास की हरिप्रिया तिथे इतकी छान रुळली आहे तर उन्हाळ्यापर्यंत तुमच्याकडेच राहू दे, तिथल्याच शाळेत घाला. मी ‘लिहिते’ एवढंच म्हटलं आणि फोन ठेवला. तुला वाटलं असेल अक्का रागावली. अरे, अलमेलुची सासू, नवरा, दोन्ही मुलं, सगळी केबलवरचा सिनेमा बारीक आवाजात करून माझ्या तोंडाकडे बघत बसली होती. मनातलं बोलायची ती काय जागा आहे? म्हणून हे पत्र.

गणेशचतुर्थीला तू तिला इथे सोडून गेलास तेव्हाची पोर आठव. शाळेतल्या मुलीच्या दंडाला चावली होती, रक्त येईपर्यंत. का चावलीस म्हणून बाईंनी विचारलं, तू विचारलंस, श्रीविद्येनं, तिच्या आईनं, रडून विचारलं, हिनं तोंड उघडलं नाही. शाळेनं सहामाहीपर्यंत घरी ठेवायला सांगितलं. तू दोघांच्या नोकऱ्यांचं सांगून माझ्यापुढे हात जोडलेस आणि नवरात्रातल्या आपल्या बाहुल्यांच्या मांडणीचं निमित्त करून तिला म्हणालास, ‘कोलू संपला की मी न्यायला येतो.’ तिनं तुझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तुझी रिक्षा कोपऱ्यावर वळली आणि हिनं भरला पेला भिंतीवर मारला. मग ताट. मग तुझ्या भावोजींचा चष्म्याचा डबा, नशिबानं रिकामा. आणि एवढं करून पलंगाखाली जाऊन बसली ती जेवायलाही बाहेर येईना.

सल्ल्यांना तोटा नव्हता. अलमेलुच्या सासूनं मिरच्या-मीठ ओवाळून टाकलं. आमच्या हेडमिस्ट्रेसबाई म्हणाल्या, दोन फटके वेळेवर दिले की मूल सुधारतं. माझाही हात शिवशिवला, खोटं कशाला बोलू. पण तुझे भावोजी, सीतारामराव, पडले कालव्यांच्या खात्यातले. त्यांना जगातली प्रत्येक गोष्ट कालव्यासारखीच दिसते. म्हणाले, ‘जया, पाण्याला जोर असतो तेव्हां दार गच्च बंद केलें तर बांध फुटतो. थोडें उघडून ठेव.’ लग्न झाल्यापासून हे वाक्य मी ऐकत आले आहे, पगारवाढीपासून पोटदुखीपर्यंत सगळ्याला ते लावतात. यावेळी मात्र लागू पडलं, हे त्यांना सांगू नकोस, डोक्यावर बसतील.

त्यावरून मला आपल्या विहिरीतला तांब्या आठवला. तू गणितात नापास झालास आणि रागानं पितळी तांब्या विहिरीत फेकलास. आई काठी शोधत होती. अप्पाजी शांतपणे आतून दुसरा तांब्या घेऊन आले, तुझ्या हातात दिला आणि म्हणाले, ‘हाही टाक. राग उरला असेल तर पुरा होऊं दे.’ तुझं तोंड असं झालं होतं! दुसरा काही तुला फेकवला नाही. मग गळ आणून तुम्ही दोघं दुपारभर विहिरीवर ओणवे होऊन तांब्या शोधत बसलात आणि वर निघाली ती भलतीच कुणाची तरी जुनी बादली. अप्पाजींनी तुला त्या गणिताबद्दल तेव्हा एक अक्षर विचारलं नाही. रात्री तूच जाऊन त्यांना सगळं सांगितलंस.

ही गोष्ट मी पलंगाशेजारी जमिनीवर बसून, पलंगाखालच्या अंधाराला उद्देशून सांगितली. बादलीपाशी आले तेव्हा खालून एक फुसकन आवाज आला. हसू होतं ते. तुझ्या अब्रूचं माझ्या हातून भलं झालं नाही, पण मी काही त्याची माफी मागणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी मागच्या अंगणात विहिरीपलीकडे नारळाच्या करवंट्यांचा ढीग केला आणि तिला दाखवला. म्हटलं, राग आला की इथे यायचं, त्या भिंतीवर वाटेल तितक्या करवंट्या मारायच्या, कुणी काही विचारणार नाही. पेले-ताटं मात्र माझी आहेत. पहिले काही दिवस पहाटेपासून अंगणात अशी खडाखडी चालायची की राजवाड्याच्या मनोऱ्यावरची कबुतरंसुद्धा उठली असतील. मी खरंच काही विचारलं नाही. ती दमून आली की लिंबाचं सरबत पुढे करायचे आणि शेजारी बसून फुलं ओवायचे. हळूहळू तीही ओवायला लागली. एके दिवशी संध्याकाळी खडखड ऐकून मी मागे गेले, तर हरिप्रिया माझ्यामागेच उभी! करवंट्या मारत होते तुझे भावोजी. ऑफिसात वरिष्ठ काहीतरी बोलले होते. हरिप्रियेनं आत जाऊन त्यांच्यासाठी सरबत केलं. साखर विसरली, पण ते सगळं प्यायले.

मग नवरात्र आलं. माळ्यावरून पेट्या उतरवल्या, पायऱ्या लावल्या, पांढरं धोतर अंथरलं. तुमच्या बंगलोरच्या फ्लॅटमध्ये कोलू मांडत नाहीत म्हणे, जागा नाही म्हणून. पोरीनं एवढ्या बाहुल्या एकत्र कधी पाहिल्याच नव्हत्या. वरच्या पायरीवर आईच्या लग्नातली रक्तचंदनाची मरपाच्ची, आपली राजा-राणीची लाकडी जोडी. तिला नवे कपडे शिवायचं काम मी हरिप्रियेला दिलं. राणीला माझ्या जुन्या रेशमी पदराचं लुगडं झालं. राजाला तिनं शर्ट-पँट शिवली आणि कमरेला काड्यापेटीच्या कागदाचा काळा चौकोन चिकटवला. मी विचारलं, हे काय ग? म्हणाली, पेजर.

पायऱ्यांपुढची जमीन लहान मुलांची, हे तुला सांगायला नको. तू तिथे दरवर्षी आगगाडी करायचास. हिनं कालव्यावरची वाळू आणवली, मोहरी पेरून बाग केली, आरशाच्या तुकड्याचं तळं केलं आणि म्हणाली, हे बंगलोर. बिस्किटांचा उंच डबा उभा केला, ते अप्पांचं, म्हणजे तुझं, ऑफिस. आपला तो बाहुल्यांतला ढेरपोट्या चेट्टियार दुकानदार माहीत आहे ना, त्याला तिनं बायकोपासून आणि तांदूळ-डाळीच्या दुकानापासून उचललं आणि डब्याच्या पार माथ्यावर बसवलं. चेट्टियारीणबाईंना दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या डब्यावर. मध्ये खोक्याचं घर, त्याला दार, दाराला दोऱ्याचं कुलूप. घरात कोण आहे, असं मी सहज विचारलं. ‘कोणी नाहीं. संध्याकाळीं टीव्ही आहे,’ म्हणाली, आणि बागेला चमच्यानं पाणी घालत राहिली. शेषू, तिनं तक्रारीच्या सुरात नाही सांगितलं. बंगलोरला उद्यानं आहेत, तळी आहेत, तसं सांगितलं.

आता गंमत ऐक. नवरात्राच्या दुसऱ्या सकाळी पाहते तर मरपाच्चीतला राजा आडवा! उचलून उभा केला. तिसऱ्या सकाळी पुन्हा आडवा. मी म्हटलं, उंदीर. भावोजी म्हणाले, रस्त्यावरून वाळूच्या लॉऱ्या जातात, घर हादरतं. अलमेलुच्या सासूनं स्वतःच्याच मांजरावर आळ घेतला आणि त्याला दोन दिवस कोंडून ठेवलं. राजा मात्र रोज पडायचा, आणि पडायचा तोही कसा, उताणा, नीट, एकदा तर अंगावर रुमाल! असला सुसंस्कृत उंदीर मी पाहिला नव्हता. एका सकाळी मी कोलमची रांगोळी लवकर उरकून आत आले तर हरिप्रिया स्टुलावर चढलेली. राजाला आडवं केलं, रुमाल पांघरला, हलकेच थोपटलं.

मला क्षणभर कळेना. आणि मग एकदम कळलं, आणि हसावं की रडावं तेच समजेना. पेट्या उतरवल्या त्या दिवशी मीच तिला सांगितलं होतं की विजयादशमीला संध्याकाळी घरातल्या सर्वांत लहानानं एक बाहुली निजवायची, बाहुली निजली की कोलू संपला. आणि तू सांगून गेला होतास, कोलू संपला की मी येतो. पोरीनं हिशेब केला! ज्या बापाकडे, तो निघाला तेव्हा, तिनं ढुंकून पाहिलं नाही, त्याला लवकर आणायला ती रोज पहाटे स्टुलावर चढत होती.

मी रागावले नाही, ‘पकडली’ असंही केलं नाही. तिला कडेवर घेऊन खाली उतरवलं, तरी चांगली आठ वर्षांची घोडी आहे, माझी कंबर धरली. म्हटलं, राजाला झोप आली वाटतं. तिनं माझ्या मानेत तोंड खुपसलं. मी सांगितलं की कोलू आपल्या वेळेलाच संपतो, त्याला घाई करता येत नाही, पण वाट बघायला मी सोबत आहे. मग आम्ही दोघींनी मिळून राजाला उठवलं. त्यानंतर तो पडला नाही. मांजराची सुटका झाली.

आणि मग तुझा फोन आला.

खरं सांगू? फोन ठेवून घरी येताना मला एक वाईट विचार शिवला. आनंद झाला मला. देवानं आमच्या घरात मूल दिलं नाही, आणि आता उन्हाळ्यापर्यंत ती माझी. तिची वेणी, तिचा डबा, तिचं ते भोकाड, सगळं माझं. दारातून आत येईपर्यंत मी मनातल्या मनात तिला माझ्या शाळेत घालूनही टाकलं होतं. आत आले तर ती राजाच्या पँटला इस्त्री करत होती, गरम वाटीनं. उद्या अप्पा येणार म्हणून.

तिच्यापासून लपवायचं नाही, एवढं मी ठरवलं. समोर बसवून सांगितलं, अप्पांना काम निघालं, उद्या येता येत नाही. भावोजींनी आधीच ओट्यावरचे पेले आत नेऊन ठेवले होते. मागच्या अंगणात करवंट्या तयार होत्या. पण तिनं काहीच फेकलं नाही. ती तिच्या बंगलोरसमोर जाऊन बसली आणि मला म्हणाली, अप्पांना सांगू नको की मी रडले.

विजयादशमीला आरती झाली. अलमेलुकडची सगळी जमली होती. मी हरिप्रियेला स्टुलावर चढवलं आणि म्हटलं, आता निजव. तिनं राजाला हातात घेतलं, शर्ट सारखा केला आणि होता तिथेच पुन्हा उभा करून खाली उतरली. सगळे हसले, मी पुन्हा सांगितलं. तेव्हा ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, ‘अत्या, बाहुली निजली कीं कोलू संपला. कोलू संपला आणि अप्पा आले नाहींत, तर अप्पा खोटे होतील कीं. निजवूं नको.’ आणि मग, शेषू, तुला, श्रीविद्येला, शाळेतल्या बाईंना जे सांगितलं नव्हतं ते तिनं तसंच कानात सांगितलं. शाळेच्या कार्यक्रमाला तू येतो म्हणाला होतास, तिनं तुझ्यासाठी खुर्ची धरून ठेवली होती, आणि शेजारची मुलगी म्हणाली, तुझे अप्पा खोटं बोलतात. म्हणून ती चावली. तुझा शब्द खोटा आहे असं कुणी म्हटलेलं तिला सोसत नाही, तेव्हाही नाही आणि आताही नाही. म्हणून अख्ख्या तंजावुरात आज एकट्या आमच्याच घरी कोलू उभा आहे. रोज दिवा लागतो, रोज सुंडल होतं, गल्लीतली पोरं शाळा सुटली की थेट आमच्याकडे येतात, भावोजींचं पोट हरभऱ्यांनी बिघडलं आहे, आणि बंगलोरच्या बागेतली मोहरी पिवळी पडली म्हणून तिनं काल पुन्हा पेरली. कोलू एवढे दिवस ठेवू नये, असं अलमेलुची सासू म्हणते. मी म्हटलं, देवी समजून घेईल, तीही कुणाची लेक आहे. हरिप्रिया मला जड झाली म्हणून हे लिहिते आहे असं मनातसुद्धा आणू नकोस. मला तर ती कायमची हवी आहे, आणि एवढी हवी असूनही सांगते आहे की ये, यावरून काय ते समज. तिला सुधारायला इथे ठेवायची गरज नाही, तिच्यात मोडलेलं काही नाही. साहेबांना काय सांगायचं ते सांग, श्रीविद्येला घेऊन बसमध्ये बस. येताना खेळणं-बिळणं आणू नकोस, उशीर का झाला याचं भाषणही नको. ती ओरडली तर ओरडू दे, मागे करवंट्या आहेत, तूही दोन मार. मग संध्याकाळी तिला स्टुलावर चढव आणि दोघं मिळून राजाला निजवा. तोवर आमचा कोलू काही संपत नाही. उद्यासाठी हरभरे आत्ताच भिजत घातले. मी मोजून टाकल्यावर तिनं वरून एक मूठ जास्त टाकली, ती रोजच टाकते. तुझ्या वाट्याची.

वाट पाहत असलेली, तुझीच
जयाअक्का